चहाचा चमचा वाढत गेला

आजीच्या वहीत मेथांब्यासमोर ‘तिखट दोन चमचे’ लिहिलं आहे. कुठला चमचा, ते लिहिलेलं नाही. तिला लिहायची गरजही नव्हती, कारण मिसळणाच्या डब्यात चमचा एकच होता.

चमचा हे माप म्हणून आलं ते इंग्लंडातून. अठराव्या शतकात तिथे चहा महाग होता, पेले लहान आणि त्यांतले चमचेही लहान. औषधं तयार करणारे एक चहाचा चमचा म्हणजे एक ड्राम असं धरत. आजच्या हिशेबात ते साडेतीन मिलिलिटरांच्या आसपास येतं. पुढे चहा स्वस्त झाला, पेले मोठे झाले आणि चमचाही वाढला. औषधवाल्यांचा हिशेब मात्र बराच काळ ड्रामालाच चिकटून राहिला. घरातला चमचा पाच मिलिलिटरांकडे सरकला असेल आणि डॉक्टरांच्या मनात ड्रामच असेल, तर मूल तिसऱ्या हिश्शाहून जास्त औषध पीत होतं. स्वयंपाकात असा फरक जिभेवर कळतो. औषधात कधी फार उशिरा. आपल्याकडे कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे, त्यात मला मोठं शहाणपण दिसतं. चमच्यावर भरवसाच नको!

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून वजनांसाठी टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, दुकानातून गेला. पण शेर दोन होते. एक तागडीत तोलायचा, दुसरा मापात भरायचा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावोगावी या मापांत थोडाफार फरक असे, तो वेगळाच. मापातला शेर पोह्यांचा असला तर हलका, तांदळाचा असला तर जड, हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. शिगोशिग भरायचं की सपाट, यावरून भांडणं होत ती काही उगाच नव्हेत.

हे ज्ञान चमच्याच्या बाबतीत कुठे गेलं, कोण जाणे. ‘एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम’ असं लोक बिनदिक्कत सांगतात. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा मिठाचा सुमारे सहा ग्रॅम भरतो, साखरेचा चार, मैद्याचा जेमतेम तीन. पाच ग्रॅम भरतं ते पाणी. मोठ्या चमच्याचंही तेच: बहुतेक देशांत तो पंधरा मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात वीस. तिथल्या मराठी घरात भारतातली कृती मोठ्या चमच्यानं मोजली, तर मीठ तिसऱ्या हिश्शानं जास्त पडेल.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त १९७० साली मापं आली ती वाटी आणि चमच्याची. कायदा येऊन चौदा वर्षं झाली होती, तरी मला ते मागासलेपण वाटत नाही. घरात तागडी कुठे होती? आणि वाटी तीच ठेवली, तर प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते एका घरची वाटी आणि दुसऱ्या घरचा चमचा एकत्र आले की.

मिसळणाच्या डब्यातला तो चमचा अजून आहे. परवा औषधाच्या टोपणानं पाणी मोजून त्यात ओतलं. साडेसात मिलिलिटर मावलं. वहीत ‘दोन चमचे’च्या शेजारी पेन्सिलीनं ‘तीन’ लिहून ठेवलं.