कंद पोसायला लागणारी मुदत

मेथी पेरणाऱ्याला महिनाभर जमीन मिळाली तरी भागतं. कंद पेरणाऱ्याला ती वर्षभर हातात लागते. शेतीतल्या या साध्या गोष्टीत इंग्लंडमधल्या भूमिहीनांचा तीनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, असं मला वाटतं.

पार्सनिप हा तिकडचा कंद. दिसायला पांढरट गाजरासारखा. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा यांच्याच कुळातला. गाजराला अरबीत जझर म्हणतात, फारसीत गझर. पार्सनिपला मात्र मराठीत नाव नाही. त्याचं बी नाजूक. वर्ष उलटलं की उगवेलच याची खात्री नाही. वसंतात थंड मातीत पेरलं, तर कोंब दिसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओळ हरवू नये म्हणून त्याच ओळीत मुळ्याचं बी टाकतात. मुळा झटकन वर येतो, ओळ दाखवतो आणि लवकर उपटून खाल्लाही जातो. पार्सनिप हिवाळ्यापर्यंत जमिनीतच राहतं. थंडीनं माती गोठू लागली, की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि मग ते गोड लागतं.

३० जानेवारी १६४९ रोजी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. दोनच महिन्यांनी, एप्रिलच्या आरंभी, सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर काही गरीब माणसं कुदळ-फावडी घेऊन गेली. त्यांचा म्होरक्या जेरार्ड विन्स्टनली हा कापडाच्या धंद्यात बुडालेला माणूस. जमीन सगळ्यांची आहे, असं त्याचं म्हणणं. लोक त्यांना ‘डिगर्स’, म्हणजे खणणारे, म्हणू लागले. त्यांच्याविरुद्ध सरकारकडे गेलेल्या तक्रारीत त्यांनी काय पेरलं याची नोंद आहे: पार्सनिप, गाजरं आणि घेवडा.

मी कवितेतला माणूस. विन्स्टनलीच्या विचारांपेक्षा मला ही बियाण्यांची यादी जास्त बोलकी वाटते. चार दिवस आरडाओरडा करून परतणारा माणूस पार्सनिप पेरत नाही. हिवाळ्यापर्यंत तिथंच राहायचं, असं ज्यानं ठरवलं आहे, तोच ते पेरतो.

त्यांना राहू दिलं गेलं नाही. मारहाण झाली, पिकं तुडवली गेली, खटले भरले गेले. ऑगस्टपर्यंत टेकडी सुटली; कंद गोड व्हायच्या कितीतरी आधी. शेजारच्या कोबम इथं त्यांनी पुन्हा वस्ती केली. १६५० च्या एप्रिलमध्ये तिथल्या झोपड्या जाळण्यात आल्या.

पुढच्या दोन शतकांत गावोगावची सामायिक कुरणं कायद्यानं कुंपणात गेली. १८४५ च्या कायद्यानं गरीब मजुरांसाठी थोडी जमीन राखायची सोय केली, तीही जास्तीत जास्त पाव एकर. रविवारी खणायचं नाही, चर्चला हजर राहायचं, अशा अटी अनेक जमीनमालक घालत. १९०८ च्या कायद्यानं मात्र मागणी असेल तिथं असे तुकडे पुरवणं स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. ठरलेलं माप साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे.

तरीही प्रश्न उरला मुदतीचा. १९२२ च्या कायद्यानं जागा सोडायला सहा महिन्यांची नोटीस दिली. १९५० मध्ये ती साधारणपणे बारा महिन्यांची झाली. बारा महिने, म्हणजे पार्सनिप पेरून, पोसून, थंडीत उकरून खाण्याइतका अवधी.

सेंट जॉर्जेस हिलवर आज धनिकांचे बंगले आणि गोल्फचं मैदान आहे. पण इंग्लंडमध्ये इतरत्र, अडीच-अडीच गुंठ्यांवर, लोक दर वसंतात पार्सनिप पेरतात आणि ते आपणच खणून काढू या भरवशावर घरी जातात. या भरवशाची किंमत आपल्याकडच्या कुळांना वेगळी सांगायला नको.