आलं का चित्र?

"आलं का?" गच्चीवरून आरोळी यायची. "आलं, आलं... थांब, गेलं!" खालून उत्तर जायचं. एक जण कठड्याशी उभा राहून ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे वळवतोय, दुसरा निरोप पोचवायला जिन्यात उभा, तिसरा टीव्हीसमोर डोळे बारीक करून बसलेला. १९७० आणि ८० च्या दशकांत मुंबई-पुण्यातल्या घरांनी चित्राचा दर्जा तपासला तो असा. पडद्यावर मुंग्या किती आहेत, माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उभी राहते का, आवाज खरखरतो का, एवढंच बघायचं. आज दुकानातल्या संचावर 'फोर के', 'एचडीआर', 'ओएलईडी' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. यातलं नेमकं कशासाठी पैसे मोजायचे आणि एचडी वाहिन्यांचे दरमहा जादा पैसे भरायचे की नाही, हा आजचा पेच आहे. पण चांगल्या चित्राची किंमत किती, हा हिशेब मराठी घरं पन्नास वर्षं करत आली आहेत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीत सुरू झालं. दिल्लीत १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण चालू होतं, त्यानंतर देशातलं हे दुसरं केंद्र. पुण्याला मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे दिसू लागले आणि शहरातल्या झाडून साऱ्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, गुरुवारचं 'छायागीत', रविवारचा सिनेमा. जे काही होतं ते एकाच वाहिनीवर आणि संध्याकाळच्या मोजक्या तासांत.

टीव्ही तेव्हा फर्निचरच होता. चार पायांवर उभी लाकडी पेटी, पुढे सरकणारी झडप आणि तिला कुलूप. वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राउन, हैदराबादच्या सरकारी कारखान्यातला ईसी टीव्ही ही नावं घराघरांत झाली होती. घ्यायचा तो दिवाळीच्या बोनसवर किंवा कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढून. शिवाय रेडिओसारखाच त्याचाही परवाना लागे, त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली.

रंग हवाच असेल त्याच्यासाठी बाजारात एक स्वस्तातली सोय होती. रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, वरती निळा, मध्ये फिकट, खाली हिरवा किंवा तांबूस, पडद्यासमोर अडकवायचा. बागेचं दृश्य असेल तर आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसायचं. बातम्या देणारीचं कपाळ मात्र निळं आणि हनुवटी तांबडी. तरीही हे पत्रे खपत, कारण साध्या पगारातल्या माणसालाही घरात रंग हवा होता.

खरा रंग आला १९८२ मध्ये. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम रंगीत सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा, म्हणजे एशियाड, भरल्या. सरकारनं आयातीचे नियम सैल केले, परदेशातल्या नातेवाइकांना रंगीत संच भेट म्हणून पाठवायची मुभा दिली. कोकणातली पुष्कळ माणसं आखातात नोकरीला होती. खेडच्या किंवा मुरुडच्या एखाद्या घरात जपानी रंगीत टीव्ही मुंबईतल्या साहेबाच्या आधी पोचला, तो या वाटेनं.

त्या वेळच्या निर्णयातली एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी आहे. भारतानं स्वीकारलेल्या पाल पद्धतीत रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावरही नीट दिसायचं. रंगीत संच तिप्पट-चौपट महाग होता, पण तो घेतला नाही म्हणून कुणाचं 'छायागीत' बुडलं नाही. घाई नव्हती. ऐपत आली की घ्यायचा, आणि एकदा घेतला की त्याच गच्चीवरच्या त्याच अँटेनावर रंग उतरायचा, महिन्याला नवं काही द्यावं लागत नव्हतं. १९८४ मध्ये काही महिने तर दिवसाला एक या गतीनं लहान प्रक्षेपण केंद्रं उघडत गेली, आणि जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावांतूनही संचांची मागणी वाढली. माणसं टीव्ही घेत ती कुठल्या तरी प्रसंगासाठी. कुणी एशियाडसाठी घेतला, कुणी रविवारी सकाळच्या रामायणासाठी. कुणाच्या घरी मुलीचं लग्न झालं आणि जावयाला रंगीत संच द्यावा लागला, तेव्हा आपल्याही घरात एक असावा असं वाटलं.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या वेळी मजल्यावरची सगळी पोरं शिरत. पुढची रांग पडद्याला नाक लावून, मागची माणसं पलंगावर, उरलेली गॅलरीतल्या खिडकीत. "लांब बसा, डोळे बिघडतील" असं घरची बाई दर पाच मिनिटांनी ओरडे. तंत्राच्या हिशेबानंही ती बरोबर होती. जुन्या प्रक्षेपणात चित्र ६२५ ओळींचं असे, त्यातल्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या ५७६. या ओळी डोळ्यांना वेगळ्या जाणवू नयेत म्हणून पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावर बसायचं, असं गणित अभियंत्यांनी धरलेलं होतं. वीस इंची संचाच्या पडद्याची उंची बारा इंच, म्हणजे सहा फूट अंतर. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग भिंतीला लावला की नेमकं तेवढंच भरतं.

१९९० च्या दशकात 'चांगला टीव्ही' म्हणजे मोठ्या आवाजाचा टीव्ही असा अर्थ झाला. औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यामुळे देशभर पसरलेल्या व्हिडिओकॉननं 'बझूंबा' हा संच आणला, मुंबईच्या ओनिडानं शिंगंवाल्या सैतानाची जाहिरात करत शेजाऱ्याच्या मत्सराला हात घातला. स्पीकरवर पीएमपीओ नावाचे शेकड्यांतले आकडे छापलेले असत. ते आकडे क्षणभराच्या कमाल आवाजाचे, त्यावरून रोजच्या ऐकण्याचं काहीच कळत नव्हतं. पण लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन संच शेजारी लावले की गिऱ्हाईक आकडा मोठा असलेल्यासमोर थांबायचं. अकाईच्या 'जुना द्या, नवा घ्या' योजनेनं याच काळात चालू स्थितीतले कितीतरी कृष्णधवल संच घराबाहेर काढले.

चित्र मात्र या दहा वर्षांत सुधारलं नाही, उलट बिघडलं. १९९१ पासून स्टार आणि १९९२ च्या गांधीजयंतीपासून झी आलं, गल्लीत केबलवाला आला. त्याची वायर एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, झाडावरून गॅलरीत अशी येई. शेवटच्या घरापर्यंत पोचताना वाहिन्या मलूल झालेल्या असत. लोकांनी ते चालवून घेतलं, कारण एका वाहिनीच्या जागी पन्नास मिळत होत्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्यावर तर मराठी मालिका रोज रात्री बघायला मिळू लागल्या. त्या मिळाव्यात म्हणून पडद्यावर थोड्या मुंग्या सोसायला घरं तयार होती.

मग छतांवर छत्र्या उगवल्या. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची फुकट सेवा, २००६ मध्ये टाटा स्काय. अंकीय चित्र मुंग्यांविना येऊ लागलं. पाऊस जोरात आला की मात्र ते चौकटी-चौकटींत फुटून थिजायचं. २०१० मध्ये दिल्लीतल्याच राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं दूरदर्शननं एचडी प्रक्षेपण केलं. रंग आला होता एशियाडच्या मैदानातून आणि हा नवा बारीकपणाही दिल्लीच्याच मैदानातून आला. पुढच्याच वर्षी वानखेडेवर विश्वचषक जिंकला गेला आणि एचडीची जाहिरात क्रिकेटच्या चेंडूवरच्या शिवणीपर्यंत पोचली.

फसगत इथेच सुरू झाली, आणि तिच्यात गिऱ्हाइकाचा दोष फार थोडा होता. रंगीत टीव्ही घेतला की रंग दिसत होता. एचडीचं तसं नव्हतं. कॅमेरा एचडी हवा, वाहिनी एचडी हवी, सेट-टॉप बॉक्सचा डबा एचडी हवा, डब्यापासून टीव्हीपर्यंतची वायर त्याच कामाची हवी आणि टीव्हीही तसा हवा. या साखळीतली एक कडी कमजोर असली की बाकीच्यांवरचा खर्च फुकट. बाजारात 'एचडी रेडी' आणि 'फुल एचडी' अशा दोन चिठ्ठ्या शेजारी-शेजारी झळकत. पहिल्यात बहुधा ७६८ ओळी, दुसऱ्यात १०८०. 'रेडी' या शब्दावर विसंबून कितीतरी जणांनी पहिला घेतला.

सगळ्यांत वाईट प्रकार वायरीचा. पिवळी, तांबडी आणि पांढरी अशी तीन शेंड्यांची जुनी वायर जवळजवळ प्रत्येक घरात पडून असे. बसवायला आलेला पोरगा दिवसाला दहा घरं करणारा, तो हाताला लागलेली तीच खोचून, रिमोट हातात देऊन पुढच्या घरी जाई. एचडी डबा, एचडी टीव्ही, एचडीचे पैसे, आणि मधून जाणारं चित्र मात्र जुन्या काळचं. शिवाय चौरस धाटणीचं चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं, सगळ्यांचे चेहरे आडवे फुगलेले. अशा घरात "एचडीत काही फरक नाही" असं कुणी म्हणालं, तर ते डोळ्यांनी पाहिलेलं खरंच सांगत होतं. शंभर-दोनशे रुपयांच्या एचडीएमआय वायरीअभावी हजारोंचा खर्च वाया गेला, आणि ते सांगायला कुणी आलं नाही.

आता पुन्हा बसण्याच्या अंतराच्या त्या फुटपट्टीकडे. एचडीचं गणित पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतराचं आहे, फोर केचं दीडपट. बत्तीस इंची टीव्हीची उंची सुमारे सोळा इंच, म्हणजे एचडीतला सगळा बारकावा चार फुटांपर्यंत दिसणार. त्रेचाळीस इंचीला सव्वापाच फूट. पंचावन्न इंचीला पावणेसात फूट, आणि त्याच संचावर फोर केचा पुरता लाभ हवा असेल तर साडेतीन फुटांच्या आत बसायला हवं. मराठी घरातला दिवाणखाना बहुतेक वेळा दहा-बारा फुटांचा, सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या. त्या अंतरावरून बत्तीस इंची संचात 'फुल एचडी' आणि 'एचडी रेडी' ओळखायला सांगितलं, तर चष्मा पुसूनही ओळखता येणार नाही. संचाच्या खोक्यावर हे अंतर ठळक छापायला हवं होतं, कारण कर्ज काढून टीव्ही घेणाऱ्याचा तो हक्क आहे.

तरीही एचडी वाहिनी साध्या वाहिनीपेक्षा बरी दिसते, लांबूनही. त्याचं कारण ओळींच्या संख्येपलीकडचं आहे. साध्या वाहिन्या उपग्रहाच्या एकाच पट्टीत दाटीवाटीनं कोंबलेल्या असतात. चित्र इतकं दाबलेलं असतं की धावणारा फलंदाज किंवा समुद्राची लाट आली की कडा पुसट होतात, गवताचा हिरवा लगदा होतो. एचडी वाहिनीला जागा जास्त मिळते. म्हणून खेळ आणि निसर्गपट एचडीत बघण्यात खरा आनंद आहे, स्टुडिओत बसून चालणाऱ्या चर्चांना त्याची गरज नाही. २०१६ मध्ये स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या सुरू झाल्या. नव्या मालिका तिथे स्वच्छ दिसतात. टेपवर चित्रित झालेला जुना कार्यक्रम मात्र एचडी वाहिनीवर लावला तरी त्यात नसलेला बारकावा कुठून येणार?

फोर केचे डबेही २०१५ च्या विश्वचषकाच्या सुमारास आले. त्यानंतरच्या वर्षांत संच ढिगानं विकले गेले, पण वाहिन्यांवर फोर के प्रक्षेपण अपवादानंच झालं. ते मिळतं प्रामुख्यानं इंटरनेटवरच्या सेवांवर, आणि तिथेही नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी सर्वांत महाग योजना घेतली तरच.

१ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे दर लागू झाले आणि घराघरांत वाहिन्यांच्या याद्या घेऊन बसायची वेळ आली. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांच्या जागेसाठी १३० रुपये, त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे, त्यात दूरदर्शनच्या बंधनकारक वाहिन्याही आल्या. पैसे लावलेल्या प्रत्येक वाहिनीची किंमत निराळी. आणि त्या नियमांत एक कलम असं होतं की एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांची जागा घेते. चित्राच्या दर्जाचा भाव इतक्या उघडपणे कागदावर पहिल्यांदाच आला. आजीनं मालिकांसमोर खूण करायची, नातवानं क्रिकेटसमोर, आणि हिशेब करणाऱ्यानं एचडी असेल तिथे दोन मोजायचे.

त्या याद्यांमधून बऱ्याच घरांनी स्वतःचीच एक पद्धत काढली. मालिका आणि बातम्या साध्या ठेवायच्या, एचडी फक्त क्रिकेटची, आणि तीही वर्षभर नाही. मार्चच्या अखेरीस आयपीएल सुरू व्हायच्या सुमारास मोबाइलवरून ती वाहिनी जोडायची, दोन महिने घरातल्या चौघांनी आणि शेजारच्या दोघांनी मिळून बघायची, आणि अंतिम सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता काढून टाकायची.