जुन्नरी कागदाची साक्ष

जुन्या पत्रांचें संपादन करतांना आपण मायना, मिति, मोर्तब व हस्ताक्षर यांची कसून चिकित्सा करतों. परंतु ज्यावर तें पत्र लिहिलें तो कागद बहुधा अनुल्लेखितच राहतो. ही उपेक्षा बरी नव्हे.

मराठी दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागद विपुल आढळतो. ‘कागद’ हा शब्द फारसींतून आला. पण त्याचें मूलद्रव्य आपणांस पूर्वापार परिचित होतें. अमरकोशांत क्षौमादि वस्त्रांस ‘वाल्क’, म्हणजे सालीचें, असें म्हटलें आहे. शण अथवा ताग हाहि सालीचाच तंतु. लांब व चिवट. मुसलमान कागदी कारागीर तागाचे जुने दोर व गोणपाट घेऊन त्यांचे तुकडे चुन्यांत मुरवीत, ढेंकीखालीं कुटीत व नदीवर धूत. चुन्यानें तंतूंस जोडणारा चिकटा सुटे. कुटल्यानें तंतु पिंजून एकमेकांत गुंतत. मग लगदा हौदांत कालवून गवती काड्यांच्या चाळणीवर ताव उचलीत, भिंतीवर वाळवीत, खळ लावून दगडानें घोटीत. म्हणूनच दोनशें वर्षांचे कित्येक ताव आजहि घडीवर तुटत नाहींत.

लांकडी लगद्याचा कागद याहून निराळा. जर्मनींत केलर यानें लांकूड दळून लगदा करण्याची कृति इ. स. १८४४ च्या सुमारास सिद्ध केली. त्यानंतर असा कागद प्रचारांत आला. त्याचे तंतु आंखूड असतात. सूक्ष्मदर्शकाखालीं सूचिपर्णी लांकडाच्या तंतूंवर गोल खळगे दिसतात. तागाच्या तंतूंवर ते नसतात. सबब शके १६९० (इ. स. १७६८) ची मिति असलेल्या पत्राच्या मूळ तावांत, मागाहून लावलेल्या ठिगळांत नव्हे, लांकडाचे तंतु आढळले, तर तें पत्र त्या मितीचें अस्सल नव्हे, उत्तरकालीन नक्कल किंवा बनावट होय.

याचा व्यत्यास मात्र खरा नाहीं. जुन्या वह्यांतील कोरीं पानें बनावट करणाऱ्यासहि मिळूं शकतात. शिवाय हातकागद पुढेंहि होत राहिला, पुण्यांत तर १९४० सालीं त्याची स्वतंत्र संस्था निघाली. तात्पर्य, कागद खोटेपणा सिद्ध करूं शकतो. एकटा खरेपणा सिद्ध करूं शकत नाहीं.

म्हणून संपादकांस विनंति कीं, प्रत्येक अस्सल पत्राखालीं तावाची लांबीरुंदी, चाळणीच्या रेघा व शक्य तेथें तंतूची जात नोंदवावी. परीक्षेस कडेचा सुटलेला तंतु पुरतो. आणि दप्तरांतील कोरीं पानें रद्दी म्हणून टाकूं नयेत. त्यांवर अक्षर नसलें तरी तींहि साक्ष देतात.