उपपत्ता, ई-मेलमधील

ई-मेलच्या पत्त्यातील मूळ नावापुढे एखादे जोडचिन्ह व त्यानंतर पत्ताधारकाने स्वतः ठरविलेली खूण लिहून केलेला पत्ता. ‘वाचक’ या नावाची टपालपेटी असणारी व्यक्ती एखाद्या मासिकाला ‘वाचक+मासिक’, तर बियाणे-विक्रेत्याला ‘वाचक+बियाणे’ असा पत्ता देऊ शकते. दोन्हीकडील पत्रे एकाच पेटीत येतात. परंतु कोणते पत्र कोणत्या पत्त्यावर आले हे कळत असल्याने त्यांची वर्गवारी आपोआप करता येते आणि नकोशी झालेली पत्रे त्या खुणेपुरती अडविता येतात. पत्ता कोणाकडून फुटला, याचाही माग काही अंशी लागतो.

या युक्तीचे मूळ पत्त्याच्या रचनेतच आहे. ‘मु. पो. रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा’ या पत्त्यातील तालुका व जिल्हा बाहेरच्या टपालखात्यासाठी असतात. गावापुढचा ‘अमक्याच्या मार्फत’ किंवा ‘वेशीजवळ’ हा तपशील मात्र तेथील पोस्टमनलाच उमगतो. अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन याने १९७१ मध्ये ‘ॲट’ चिन्हाने पेटीचे नाव व संगणकाचे नाव वेगळे केले, तेव्हा हाच भेद ई-मेलमध्ये आला. पुढे १९८२ च्या मानकात असा दंडक घातला गेला, की चिन्हाच्या डावीकडील भागाचा अर्थ फक्त पत्र स्वीकारणाऱ्या संगणकाने लावावयाचा. वाटेतील इतरांनी त्यात हात घालू नये. या स्वायत्ततेमुळेच उपपत्ता शक्य झाला.

टपालाच्या सोयीसाठी पत्त्याला खूण जोडण्याची कल्पना महाराष्ट्राला परिचित होतीच. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली पिन कोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या निरनिराळ्या भाषा व लिप्या, यांमुळे होणारा घोटाळा तिने कमी केला. सहा अंकांपैकी पहिले तीन विभाग, उपविभाग व वर्गीकरण-जिल्हा दाखवितात, तर शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. बुलढाणा शहराचा ४४३००१ व मलकापूरचा ४४३१०१ यांत पहिले तीन अंक सारखेच आहेत. मात्र पिन कोड खात्याने ठरविलेला व सर्वांना समान असतो, तर उपपत्त्यातील खूण घेणारा ठरवितो आणि ती प्रत्येक पाठविणाऱ्यागणिक वेगळी असू शकते. फरक अधिकाराचा आहे, आणि तो लहान नव्हे.

नको असलेल्या पत्रांचा इतिहास ई-मेलइतकाच जुना म्हणावा लागेल. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्युर्क या विक्री-अधिकाऱ्याने मे १९७८ मध्ये अर्पानेट या जालावरील सु. ४०० जणांना संगणकाची जाहिरात एकदम पाठविली. भारतात अर्नेट हा शैक्षणिक जालाचा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था त्यात होत्या. पत्रे लिहिणारे परस्परांना ओळखत, त्यामुळे खुणेची गरज कोणास भासली नसावी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वांना खुले केले. पुढे मुंबईच्या रेडिफसारख्या संस्थांनी विनामूल्य पेट्या दिल्या आणि पत्ता ही देवघेवीची वस्तू बनली.

अधिक चिन्हाने खूण जोडण्याची सोय कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सायरस या टपालप्रणालीत होती. डॅनियल बर्नस्टाइन याच्या क्यूमेल या प्रणालीने त्याऐवजी संयोगरेषा वापरली. सदस्यांना नियमित पत्रे पाठविणाऱ्यांनीही बर्नस्टाइनची एक युक्ती उचलली : परतीच्या पत्त्यातच सदस्याचा पत्ता गुंफावयाचा, म्हणजे न पोहोचलेले पत्र परत येताच बंद पडलेली पेटी नेमकी कळते. वर्गवारीच्या नियमांत उपपत्ता कसा वाचावा, याचे मानक २००३ मध्ये व सुधारून २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १ एप्रिल २००४ रोजी अवतरलेल्या जीमेलमुळे ही सोय सामान्य वापरणाऱ्याच्या हाती आली, पण तिचा वापर करणारे थोडेच राहिले.

व्यवहारात अडचणी पुष्कळ येतात. अधिक चिन्ह मानकाला मान्य असूनही अनेक संस्थांचे अर्ज ते ‘अवैध’ ठरवितात. दुव्याच्या प्रश्नभागात हेच चिन्ह कोरी जागा म्हणून वाचले जाते. त्यामुळे सदस्यत्व रद्द करण्यासाठी दुवा दाबावा, तर असा पत्ताच नोंदीत नाही, असे उत्तर मिळते. ज्या खुणेने पत्रे थांबवावयाची, तिनेच ती सुरू राहावीत हा विचित्र प्रकार होय. शिवाय पत्त्यांचा व्यापार करणाऱ्यास चिन्हापुढचा भाग छाटून मूळ पत्ता सहज मिळविता येतो. म्हणून पत्ता फुटल्याचा संशय खुणेवरून घेता येतो. पण तो विकला की चोरीस गेला, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

भारतात त्रासदायक ई-मेलचा उल्लेख माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ मध्ये होता. तथापि त्याची शब्दयोजना इतकी सैल होती, की पालघर येथे २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. व्यक्तिगत माहितीविषयीच्या २०२३ च्या अधिनियमाने संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे असे तत्त्व घातले.

छाटणीवरचा उपाय म्हणून मूळ नावाशी संबंध नसलेले यादृच्छिक पत्ते पुढे आले. ॲपल कंपनीने २०२१ पासून आपल्या सशुल्क सेवेत ते देऊ केले. वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या ‘पेटी क्रमांका’चेच हे रूप आहे : विवाहेच्छूचा ठावठिकाणा फक्त कचेरीला ठाऊक असे, आणि उत्तरे तिच्यामार्फत पोहोचत. येथेही पत्ता बाहेरच्यांपासून लपतो, मध्यस्थापासून लपत नाही.