परभाषेच्या मुलखातील पालीचा विद्यार्थी

भिवंडी आज यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखली जाते. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांची उर्दू, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, आगरी-कोळ्यांची बोली आणि आपल्या वस्त्यांतील मराठी येथे एकाच गल्लीत ऐकू येते. हा प्रकार आजचा नव्हे. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात खाडीपलीकडच्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्या काळी यवन व्यापारी या किनाऱ्यावर उतरत आणि घाट चढून वर जात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. त्यांपैकी एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप दिला. हे लेख ग्रीक भाषेत नाहीत. ते प्राकृतात व ब्राह्मी लिपीत आहेत. परदेशी मनुष्याने ज्यांना दान दिले, त्यांच्याच भाषेत ते नोंदविले, ही गोष्ट लेणी पाहावयास जाणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. आपल्या तालुक्यातील लोनाडचे लेणे यानंतर काही शतकांनी कोरले गेले.

याच कोकणपट्टीतून उलट दिशेने, धम्माच्या शोधार्थ, परभाषेच्या मुलखात गेलेला आधुनिक काळातील पहिला मोठा विद्यार्थी म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्यांच्या गांधीवादी निष्ठांविषयी आपल्या वाचकांत मतभेद आहेत, आणि ते असावयासही हरकत नाही. परंतु परक्या भाषांशी त्यांनी घातलेली झुंज हा आपल्या धम्मेतिहासाचाच भाग आहे.

कोसंबींचा जन्म १८७६ साली पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, साखवाळ येथे झाला. घरची बोली कोकणी, वाचनाची भाषा मराठी. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि बुद्ध धम्म शिकण्याचा ध्यास घेतला. तो शिकावयाचा कोठे, हे सांगणारे मात्र जवळपास कोणी नव्हते. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. प्रथम पुणे, नंतर काशी असा प्रवास करून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते नेपाळात पोहोचले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. पुढे बोधगयेस त्यांना सिंहलद्वीपाची वाट कळली आणि त्याच वर्षी ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी दाखल झाले. तेथे त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली.

येथून खरी कसोटी सुरू झाली. परिवेणातील अध्यापनाची भाषा सिंहली, आणि ती त्यांना येत नव्हती. इंग्रजी शाळेत ते शिकलेले नव्हते. सुमंगल महास्थविरांना संस्कृत येत असे. तेवढाच प्रारंभीचा आधार. पाली भाषा संस्कृतच्या जवळची खरी, परंतु पाली ग्रंथ देवनागरीत कोठे होते? ते सिंहली लिपीत होते. तेव्हा धम्माच्या पहिल्या ओळीपाशी जाण्यापूर्वी वयाच्या सव्विसाव्या वर्षी या मनुष्यास मुळाक्षरे गिरविण्यापासून आरंभ करावा लागला.

भिक्षाटन मौनाने होते, म्हणून श्रामणेरास भाषेची अडचण पडत नसावी, असे कोणास वाटेल. ते खरे नव्हे. पात्रात जे पडेल ते खावयाचे, ही रीत. आणि किनाऱ्यावरील त्या देशात पात्रात मासळी पडणार, हे ठरलेलेच. कोसंबी शाकाहारी होते. उपासकाला कारण सांगावे, तर शब्द नाहीत. न सांगता पात्र बाजूला सारावे, तर दात्याचा अवमान. अशा प्रसंगी मनुष्यास आपण किती असहाय आहोत हे कळते, आणि परदेशी गेलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास ते कळल्यावाचून राहत नाही. चिनी भिक्खू फाहियान सिंहलद्वीपात असताना बुद्धमूर्तीपुढे कोणी वाहिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा पाहून रडला होता. त्याला स्वदेश सोडून तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

सिंहलद्वीपातून कोसंबी मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथे पुन्हा नवी बोली, नवी लिपी, नवे अन्न. सगाईंच्या डोंगरात त्यांनी ध्यानसाधना केली, आणि तेथे त्यांचे सहसाधक जर्मन भिक्खू न्यानतिलोक होते. एक जर्मनीचा, एक गोव्याचा आणि सभोवती ब्रह्मी संघ! या सर्वांना एकत्र बांधणारे सूत्र पाली त्रिपिटकाचेच होते. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास परतले, तेव्हा भारतात पालीचे अध्यापन करू शकणारे फार थोडे लोक होते. पुढे कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. अट अशी की, महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. परक्या लिप्यांतून मिळविलेले धन मराठीत आले ते या व्यवस्थेमुळे.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभिले होते. १८९९ मध्ये त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. सिंहली व बर्मी हस्तलिखिते वाचून पाठ निश्चित करणारा मनुष्य प्राध्यापक लॅनमन यांना हवा होता. येथे एक जुनी कथा आठवते. परंपरेनुसार स्वतः बुद्धघोषही भारतातून सिंहलद्वीपात गेले, तेथील सिंहली अट्ठकथा शिकले आणि त्या त्यांनी पालीत आणल्या. त्यांच्याच ग्रंथाचे काम पंधराशे वर्षांनी पुन्हा एका परभाषिक प्रवाशाच्या हाती आले. परंतु काम पूर्ण होत आले असता श्रेयाचा प्रश्न निघाला. मुखपृष्ठावर आपल्या परिश्रमास योग्य स्थान नाही असे दिसताच कोसंबी १९१२ मध्ये स्वदेशी परतले. त्यानंतरही ते हार्वर्डला अनेकदा गेले, १९२९-३० मध्ये लेनिनग्राडलाही गेले. ग्रंथ मात्र १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावर वॉरन संपादक व कोसंबी सुधारणाकार अशी नोंद आहे. कोसंबींचे निधन १९४७ मध्येच झाले होते. परदेशात केवळ भाषा येऊन भागत नाही, आपल्या कामावर आपले नाव राहील याचीही चिंता वाहावी लागते.

आता एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. कोलंबोत कोसंबींना ज्या संस्कृतने पहिला हात दिला, ते त्यांना काशीत शिकावयास मिळाले, कारण ते ब्राह्मण कुळातील होते. ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे होती, शास्त्र्यांची दारे उघडी होती. त्याच सुमारास मुंबईत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास संस्कृत नाकारले गेले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. म्हणजे एकास स्वदेशाबाहेर गेल्यावर भाषेची भिंत आडवी आली, तर दुसऱ्यास स्वतःच्या शाळेत. बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. पुढे त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडेही प्रवेशासाठी अर्ज केला, आणि त्या विद्यापीठास लिहिलेले त्यांचे जर्मन भाषेतील पत्र उपलब्ध आहे. संस्कृतही त्यांनी नंतर स्वतः परिश्रमाने मिळविले. पालीचा तर त्यांनी कोशच सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील सोळाव्या खंडात तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला असून, त्याच्या एका भागात इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व गुजराती अर्थही दिले आहेत.

या परिश्रमाचे फळ काय, असे विचारणाऱ्यांनी गृहत्यागाचा प्रश्न पाहावा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मूळ पाली अत्तदण्डसुत्ताच्या आधारे तिची तपासणी केली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाचे निमित्त ठरतो. मूळ भाषा वाचता आल्यावाचून असा प्रश्न उभाच राहत नाही.

भाषेच्या बाबतीत तथागतांची भूमिकाही आपल्या चर्चेत क्वचितच येते. बुद्धवचन वैदिक छंदात बसवावे, अशी दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंची सूचना त्यांनी फेटाळल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात त्यांनी एका साध्या भांड्याचे उदाहरण घेतले आहे. त्या एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, वित्थ, सराव अशी नावे आहेत. जेथे जावे तेथील नाव वापरावे, आपलेच नाव खरे म्हणून हट्ट धरू नये, असे ते सांगतात. आज महाराष्ट्रातून श्रीलंका व थायलंड येथे अध्ययनास जाणारे श्रामणेर सिंहली आणि थाई शिकत असतात. पहिल्या दिवशी पात्र हाती घेताना, त्याला येथे काय म्हणतात, हेच त्यांना आधी विचारावे लागते.