वाचून दाखवणारा संगणक

पडद्यावरचा लिखित मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ असे म्हणतात. मोबाइलवरचा नकाशा ‘उजवीकडे वळा’ असे सांगतो तेव्हा किंवा दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर वृत्तपत्र ऐकते तेव्हा हीच प्रणाली काम करीत असते. शाळकरी मुलांच्या वाचनाच्या आणि शुद्धलेखनाच्या सरावासाठीही तिचा उपयोग सुमारे चार दशके होत आला आहे. परंतु यंत्राने मुलासाठी वाचणे वेगळे आणि यंत्राच्या मदतीने मुलाने वाचायला शिकणे वेगळे. त्यातच मराठी लेखनातील काही चुका कानाला ऐकू येतात, काही मुळीच येत नाहीत. हा फरक पालक-शिक्षकांच्या ध्यानात नसेल, तर हे उपयुक्त साधन मुलाची दिशाभूलही करू शकते.

बोलणारे यंत्र बनवण्याची माणसाची हौस जुनी आहे. वुल्फगांग फॉन केम्पेलेन याने भाता आणि पेटीतल्यासारख्या पत्तीच्या साह्याने शब्द उच्चारणारे यंत्र तयार केले आणि १७९१ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. मुलांच्या हाती बोलणारे यंत्र आले ते मात्र १९७८ मध्ये. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचे खेळणे बाजारात आणले. ते एक शब्द उच्चारी आणि मुलाने त्याचे स्पेलिंग अक्षरांच्या कळा दाबून द्यायचे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’ (१९८२) या चित्रपटातला परग्रहवासी घरी निरोप धाडण्यासाठी जे यंत्र जोडतो, त्यात हेच खेळणे आहे. अर्थात या खेळण्याला ठरावीक शब्दच येत. आधी साठवलेला आवाज ते पुन्हा ऐकवी. नवा मजकूर वाचणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

ती मजल मारली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेनिस क्लॅट यांनी. त्यांच्या संशोधनावर आधारलेले ‘डेकटॉक’ हे यंत्र डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये विक्रीस आणले. त्याला कोणताही इंग्रजी मजकूर द्यावा आणि त्याने तो वाचावा. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा जगाला परिचित झालेला यांत्रिक आवाजही क्लॅट यांच्याच कामातून निघालेला. ‘डेकटॉक’चा आवाज कानाला गोड नव्हता, पण शब्द ओळखू येत, आणि वर्गासाठी तेवढे पुरेसे होते.

याच यंत्राचा आधार घेऊन कोलोरॅडो विद्यापीठातील रिचर्ड ओल्सन आणि बार्बरा वाइज यांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांवर प्रयोग सुरू केले. त्यांची रीत आजही अभ्यासण्याजोगी आहे. मूल पडद्यावरची गोष्ट स्वतः वाचे. एखादा शब्द अडला की माउसने त्यावर खूण करी आणि संगणक तो शब्द उच्चारून दाखवी. हा उच्चार नेहमी अखंड नसे. कधी पूर्ण शब्द, कधी अवयवांनुसार तोडलेला, कधी त्याहूनही लहान तुकड्यांत. आणि उच्चारला जाणारा तुकडा त्याच क्षणी पडद्यावर उजळून निघे. डोळ्यांना दिसणारी अक्षरे आणि कानांवर पडणारा ध्वनी यांची गाठ अशी बांधली जाई. सगळी गोष्ट यंत्राने वाचायची आणि मुलाने बसून ऐकायची, असे त्यात नव्हते. पुढाकार मुलाचा असे. यंत्र मागितल्यावरच बोले.

याच संशोधकांनी स्पेलिंगसाठीही एक व्यायाम बसवला. मुलाने शब्द आपल्या समजुतीप्रमाणे टंकायचा आणि संगणकाने तो जसा लिहिला आहे तसाच वाचून दाखवायचा. ‘चूक’ असे लाल अक्षरांत दाखवणे आणि मुलाचीच चूक त्याच्या कानी घालणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात मुलाला निकाल मिळतो. दुसऱ्यात त्याला स्वतःचे लेखन बाहेरून ऐकता येते आणि कोठे बिघडले याचा शोध त्यालाच घ्यावा लागतो.

हे सारे कशाकरिता, याचे उत्तर वाचनाच्या स्वरूपात आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचून समजणे हा अक्षरओळखीचा आणि भाषेच्या आकलनाचा गुणाकार असतो; दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गोष्ट ऐकण्याची आणि समजण्याची क्षमता अनेकदा वयाला साजेशी असते. अडचण असते ती अक्षरांपासून शब्द उभा करण्यात. ‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटाने हे मराठी घरांतही पोहोचवले. अशा मुलाला इतिहासाचा धडा यंत्राने वाचून दाखवला तर इतिहास त्याच्या हातून निसटत नाही. अशा मुलांसंबंधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ लर्निंग डिसॅबिलिटीज’मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर वाचून दाखवण्याने आकलनात निश्चित, पण माफक सुधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र ही सुधारणा आकलनाची आहे. इतिहास ऐकून समजला म्हणून अक्षरे वाचता येऊ लागतील, असे नाही. त्यासाठी कोलोरॅडोतल्यासारखा, आधी प्रयत्न आणि मग आवाज, असाच सराव हवा.

यंत्राने मराठी कसे वाचायचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. देवनागरीत जसे लिहितो तसेच बोलतो, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. ‘बोलणे’ हा शब्द आपण ‘बोल्णे’ असा उच्चारतो, ‘करतो’चा उच्चार ‘कर्तो’च्या जवळ जातो, आणि ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ तर कोणीच उच्चारत नाही. तोच शेवटचा ‘अ’ ‘मित्र’ आणि ‘शब्द’ यांत मात्र कानाला जाणवतो. हे नियम यंत्राला शिकवावे लागतात. ‘च’ आणि ‘ज’ यांची तऱ्हा आणखी निराळी. ‘चिमणी’तला च तालव्य, ‘चूक’मधला दंततालव्य, अक्षर एकच. ‘जरा थांब’ यातला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ सारखेच लिहिले जातात, उच्चार मात्र वेगळे. यंत्र येथे चुकते, आणि नुकते वाचायला लागलेले मूल ती चूक प्रमाण मानण्याचा धोका असतो.

मराठीला हा आवाज मिळवून देण्यात अनेकांचे हात लागले आहेत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील रमेश हरिहरन यांनी सिंप्युटरसाठी सुरू केलेल्या आणि पुढे मुक्त स्रोत झालेल्या ‘ध्वनी’ या प्रणालीत भारतीय भाषांचा विचार मुळापासून होता. जोनाथन डडिंग्टन यांच्या ‘ईस्पीक’ने मराठीला स्थान दिले. ‘एनव्हीडीए’ या मोफत स्क्रीन रीडरसोबत तो आवाज येतो. मद्रास आयआयटीच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज घडवले, त्यांतही मराठी होती. २०१६ मध्ये ‘डीपमाइंड’च्या ‘वेव्हनेट’नंतर सगळ्याच भाषांतील यांत्रिक आवाज माणसाच्या आवाजाच्या जवळ गेले. आज अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचा मराठी आवाज मिळतो, तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ असे दोन मराठी आवाज आहेत. पैसे हा आता मोठा अडसर राहिलेला नाही.

आता शुद्धलेखनाकडे वळू. सोयीचा भाग आधी. रफार आणि रकार यांत गोंधळणारे मूल ‘धर्म’ऐवजी ‘ध्रम’ लिहिते, ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांची अदलाबदल करते. यंत्राने ‘ध्रम’ वाचला की चूक आपोआप ऐकू येते. मोठ्यांच्याही लेखनात हटकून आढळणारा ‘आर्शीवाद’ घ्या. डोळ्यांना तो खटकत नाही, कारण र कोठेतरी आहे एवढे समाधान असते. कानाला मात्र ‘आर्-शी-वाद’ लगेच खटकतो आणि ‘आशीर्वाद’ लिहावा लागतो. ‘पुस्तक’चे ‘पुस्क’, ‘भाकरी’चे ‘बाकरी’, ‘प्रकाश’चे ‘परकाश’ या सर्व चुका याच जातीच्या. अक्षर गळणे, जोडाक्षर फुटणे, महाप्राण जाणे, रफार घसरणे: या बाबतीत यंत्राइतका न कंटाळणारा शिक्षक मिळणे कठीण. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे लिखाण त्याला वाचून दाखवायला बाईंना वेळ कोठून मिळणार?

याउलट ‘विशेष’ऐवजी ‘विषेश’ लिहिले तर यंत्र दोन्ही सारखेच वाचील. ‘कृपा’ आणि ‘क्रुपा’ यांतही तेच. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. बोलताना इकार-उकाराची लांबी मराठी माणूस अर्थासाठी वापरीत नाही; ती बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व; ‘वीट’ दीर्घ, ‘विटेला’ ऱ्हस्व; ‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबाला’ ऱ्हस्व. हा नियम व्याकरणाचा आहे, तो समजून घ्यावा लागतो. ऐकून सापडत नाही. मुलाने ‘सुर्य’ लिहिले, यंत्राने तो बिनदिक्कत वाचला आणि मुलाची खात्री पटली, असे रोज घडू शकते. म्हणूनच ‘ऐकून बरोबर वाटले म्हणजे बरोबर’ हा धडा मराठीच्या सरावात मुलाला कधीही देऊ नये.

यावर एक साधा उपाय आहे. यंत्र दिलेला कोणताही मजकूर वाचते. तेव्हा श्रुतलेखनाचा मजकूर शिक्षकाने किंवा पालकाने खुणेसह टंकून ठेवावा. ‘फूल, दुसरा उकार. फुलाला, पहिला उकार. विशेष, आधी शहामृगातला श, मग षट्कोनातला ष.’ यंत्र ते तसेच वाचील. पहिल्या फेरीत खुणांसह, दुसऱ्या फेरीत खुणांशिवाय, आणि शेवटी मुलाने आपले लेखन मूळ मजकुराशी डोळ्यांनी ताडून पाहावे. कानाचे काम जेथे संपते तेथे डोळ्यांचे सुरू होते.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण वेगळ्या बाजूची. ‘नाइट’ हा शब्द एन-आय-टी-ई असा लिहिला तरी संगणक तो बरोबर ‘नाइट’ असाच वाचतो, कारण इंग्रजीत एका ध्वनीसाठी अनेक स्पेलिंगे असतात. आर-ई-ए-डी हा शब्द तर ‘रीड’ही आहे आणि ‘रेड’ही, योग्य उच्चार वाक्य पाहूनच ठरतो. म्हणून सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य वाचायला देणे इंग्रजीत अधिक हितावह.

आवाजाची गती सुरुवातीला थोडी कमी ठेवावी, मात्र इतकी नव्हे की शब्दांचा लगाच तुटावा. वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. हेडफोन हवाच, कारण आपली चूक सगळ्या घराने ऐकावी असे कोणत्या मुलाला वाटेल? आणखी एक गोष्ट नाजूक आहे. यंत्राचा आवाज प्रमाण मराठीचा असतो. ज्या घरात ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणतात, त्या घरातल्या मुलाला यंत्र ‘पाणी’ आणि ‘लोणी’ ऐकवते. लिहिताना ण का येतो हे समजायला त्याची मदत होते. पण त्याच आवाजाचा दाखला देऊन मुलाच्या बोलण्याची टर उडवली, तर ते यंत्राजवळ पुन्हा फिरकणार नाही.

हे यंत्र बोलते, पण ऐकत नाही, ही त्याची मूळ मर्यादा. ‘असर’ सर्वेक्षणात कार्यकर्ता मुलासमोर बसून त्याचे वाचन ऐकतो. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांमधील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मुलाचे वाचन ऐकून अडलेला शब्द सांगण्याचा प्रयत्न गूगलच्या ‘बोलो’ या ॲपने २०१९ मध्ये आधी हिंदी-इंग्रजीत आणि नंतर मराठीतही केला. २०२० मध्ये त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले. तरी मूल कोठे अडखळले, कोठे अंदाजाने पुढे गेले हे ओळखायला शेजारी बसलेल्या माणसाचा कान अजून अधिक भरवशाचा.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत १९९६ पासून सवलती मिळतात: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गरजेनुसार लेखनिक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही या अक्षमतेला स्थान दिले. पण घरी अभ्यास करताना लेखनिक नसतो; तेथे यंत्रच सोबतीला असते. त्यासाठी अभ्यासाचा मजकूर यंत्राला वाचता येण्याजोगा, म्हणजे युनिकोडमध्ये हवा. जुन्या टंकांत जुळवलेल्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय पडद्यावर नीटस मराठी दिसतात, पण यंत्राला त्यात अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हेच सापडतात. स्कॅन केलेले पान तर त्याच्या लेखी केवळ एक छायाचित्र असते; अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ते आधी काढावे लागते, आणि त्यातून आलेला मजकूर मुलाच्या हाती देण्यापूर्वी कोणीतरी मोठ्या माणसाने एकदा वाचून दुरुस्त करावा लागतो.