गावाने दिलेले नाव

कविता लिहिणाऱ्याला शब्दांचे कुतूहल असतेच. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य भागात सालिनास नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या बोलीत एक शब्द आहे : गेवेदोसेस. त्याचा सभ्य अर्थ, बाराव्या वर्षी पुरुष होणारे. सुईणीने ‘मुलगी झाली’ म्हणून सांगितलेले, फ्रॉक घालून वाढलेले एखादे मूल वयात आले, की त्याचा आवाज फुटे, खांदे रुंदावत आणि शरीर पुरुषाचे होई. शास्त्रज्ञ पोचण्याआधीच गावाने या मुलांना नाव दिले होते.

न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. ज्युलियान इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे कारण मांडले. ही मुले गुणसूत्रांनी मुलगेच होती. गर्भात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते. पण मुलाचे बाह्य अवयव घडायला त्याचे अधिक प्रबळ रूप लागते. ते रूपांतर करणारे ‘फाइव्ह-अल्फा रिडक्टेज’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, या मुलांत अपुरे होते. त्यामुळे वृषणे आत दडून राहत. वयात येताना टेस्टोस्टेरॉनची भरती आली, की राहिलेले काम बरेचसे पुरे होई. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच असे घडते. सालिनासमधली घराणी नात्यांनी एकमेकांत गुंतलेली होती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट टिपली. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. त्या धाग्यावरून मर्क कंपनीने हे विकर रोखणारे फिनास्टराइड तयार केले. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली. जगभरचे कितीतरी पुरुष ती गोळी घेतात. सालिनासचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मला मात्र १९७९ चा एक अहवाल अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलगी म्हणून वाढलेल्या १८ जणांपैकी १७ जण पुढे स्वतःला पुरुष मानू लागले. १६ जण पुरुष म्हणून वावरू लागले. हा बदल एका रात्रीत झाला नाही, त्याला वर्षे लागली. उरलेले दोघे स्त्रीवेशातच राहिले. शरीराचे कारण एक, पण सर्वांचे उत्तर एक नव्हते.

सालिनास काही स्वर्ग नव्हता. चेष्टा तिथेही होत असे. पण मुलाला स्वतःला ओळखायला वेळ मिळाला. त्याच काळात अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत अशा तान्ह्या बाळांचे लिंग मोठी माणसे ठरवत आणि शस्त्रक्रियेने पक्के करून टाकत. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तमिळनाडू सरकारला अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालायला सांगितले. त्याच वर्षी सरकारने आदेश काढला. जिवाला धोका असेल, तेवढाच अपवाद.

बाळ जन्मले, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? क्वचित कधी त्याचे उत्तर लगेच मिळत नाही. अशा वेळी ते उत्तर त्या बाळाकडूनच यायचे आहे, एवढा धीर आपण धरायला हवा.